ब्रेकला लागलेलं तूप

बायको पुढे गाडी चालवते आणि नवरा मागे बसतो, असं जोडपं आमच्या गावात एकच आहे आणि त्यातला मागे बसणारा मी. गाव घाटाच्या पायथ्याशी, बाजार घाटावर बुलढाण्याला. भाजी भरून वर जायचं आणि रिकामे क्रेट घेऊन खाली यायचं, हा आमचा धंदा. आधी मीच चालवायचो. मग कडबा कापायच्या यंत्रात उजवा हात सापडला. हात जागेवर आहे, पण बोटांची मूठ वळत नाही. रेस द्यायचा आणि पुढचा ब्रेक दाबायचा तोच नेमका हात.

हाताला पट्ट्या होत्या तेव्हा वांगी झाडावर जून व्हायला लागली. भाजी नेणारा जीपवाला रोज उद्याचा वायदा करायचा. एका सकाळी बायकोनं साडीवर माझा जुना शर्ट चढवला, गाडीला दोन्ही बाजूंनी क्रेट बांधले आणि मला म्हणाली, "बसा."

"कुठं?"

"मांगं. अजून कुठं?"

तिचं माहेर जानेफळचं. तिथं ती लग्नाआधी भावाची गाडी शेतात न्यायची, हे मला त्या सकाळी कळलं. इतकी वर्षं संसार केला आणि बाईनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "तुमी कधी इचारलं?" बसलो मागे.

गावानं काही दिवस आमचा चांगलाच पिच्छा पुरवला. किराणा दुकानाच्या ओट्यावर बसणारे रिकामटेकडे आम्ही दिसलो की ओरडायचे, "काय बे, ड्रायव्हर ठेवला का?" माझा राग नाकावर. मी मागच्या सीटवरूनच ओरडायचो, "हाव, ठेवला! तुमच्यातल्या कोनाले येते का अशी गाडी घाट उतरवता?" बायको म्हणायची, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार, तुम्ही क्रेट धरा. पण खरं सांगतो, मी ते रागानं कमी आणि तोऱ्यानं जास्त बोलायचो. मी स्वतः घाट उतरायचो तो ब्रेकवर उभा राहून. ती गिअर कमी करते, गाडीला इंजिनावर उतरू देते आणि वळणाच्या जरा आधी ब्रेकला नुसतं बोट लावते. मागे बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. आपली बायको आपल्यापेक्षा चांगली गाडी चालवते याचं दुःख करावं असं मला कधी वाटलं नाही. उलट छाती फुगते.

बाबांना मात्र ते कधी पटलं नाही. तोंडावर बोलत नसत. सून गाडी काढायला लागली की ते दाराकडे पाठ करून बसत, एवढंच.

बाबा बैलांचा माणूस. तालुक्यातल्या बैलबाजारात लोक त्यांना मुद्दाम बोलावून न्यायचे. दात बघून, चाल बघून, अंगाचा वास घेऊनसुद्धा ते जनावर सांगायचे. त्यांच्या धंद्याचा एक नियम होता. विकणाऱ्यानं जनावराची खोड स्वतःच्या तोंडानं सांगायची. मारका असेल तर मारका म्हणायचं, बसका असेल तर बसका. खोड लपवून विकलेला बैल विकणाऱ्याच्या दारात परत येतो, असं ते म्हणत.

आता आमच्याकडे बैल नाहीत. बाबांचे गुडघे गेले आणि वाही-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं व्हायला लागली, तेव्हा शेवटची जोडी विकली. खुंट्यांसकट गोठा तसाच आहे, तिथं आता आमची गाडी उभी असते. बैल गेल्यापासून बाबांच्या हातांना काम नाही. ते दावी वळत बसत. बांधायला जनावर नसताना दावी वळणाऱ्या माणसाकडे बघवत नाही. पण थांबा म्हणायची हिंमत घरात कोणाचीच नव्हती.

त्या वर्षी पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचे खांदे दुखतात म्हणून ते ऊन पाण्यानं शेकायचे, त्यावर हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाला म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आम्ही दोघं भेंडी तोडून शेतातून आलो तेव्हा बाबा गोठ्यात होते. हात कोपरापर्यंत पिवळे. गाडीच्या टाकीवर कुंकवाचं बोट, हँडलला हळदीचे पट्टे, पुढचे दोन्ही दांडे तुपानं चमकत होते. वाटीतलं तूप संपलं होतं.

"हीच आता वझं वाह्यते ना," बाबा म्हणाले. "मंग हिचे खांदे कोन शेकन?"

बायकोनं डोक्यावर पदर घेतला आणि गाडीसमोर हात जोडले. बाबांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी असा उजळलेला पाहिला आणि मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी पुरणाची पोळी गाडीच्या हँडलजवळ नेऊन मग ती शेजाऱ्याच्या बैलाला चारली. गाव हसलं, पण चांगलं हसलं.

पोळा झाल्यावर सकाळी आम्ही भेंडी आणि वांगी घेऊन निघालो. रिमझिम होती, रस्ता ओला होता. पुढचा ब्रेक जरा कमी धरतो, ताटावर पाणी आलं असेल, असं ती म्हणाली. ताट म्हणजे पुढच्या चाकाची चकती, जिला ब्रेकची दोन पॅडं दोन्हीकडून दाबून धरतात. घाट चढताना ब्रेकचं काम नसतं. बाजाराच्या गर्दीत मागच्या ब्रेकवर भागतं. माल लवकर उठला, आम्ही खुशीत परत फिरलो.

घाटातल्या मोठ्या वळणावर समोरून एक ट्रक आमच्या बाजूला येऊन वळला. बायकोनं पुढचा ब्रेक दाबला. गाडी धावतच राहिली. तिनं पुन्हा दाबला, हाताचा सगळा जोर लावून. गाडीवर काही परिणाम नाही! डाव्या हाताला दरी होती. ती एकच वाक्य बोलली, "पाय वर घ्या." मग गिअर पाडला, अजून एक पाडला, मागच्या ब्रेकवर पाय रोवला, ट्रक बाजूनं गेला तसा रस्ता ओलांडून गाडी उजवीकडे डोंगराच्या कडेच्या नालीत घातली. चिखलानं चाकं धरली. गाडी कलंडली, क्रेट उडाले, माझा गुडघा सोलवटला. तिच्या अंगाला चिखलाशिवाय काही लागलं नाही. ती उठली, आधी मला चाचपून पाहिलं, मग दरीकडे पाहिलं आणि रस्त्याच्या कडेला बसली. मी तिच्याजवळ बसलो.

मागून गावची काळीपिवळी टॅक्सी आली. आतल्या माणसांनी उतरून गाडी वर काढायला हात लावला, तेवढं त्यांचं पुण्य. पण टॅक्सी आमच्या आधी गावात पोचली आणि बातमीही. आम्ही मागच्या ब्रेकवर मुंगीच्या पावलानं घरी आलो तोवर "सुनेनं गाडी घाटात आदळली" हे दुकानाच्या ओट्यावर पाठ झालं होतं. बाबा तिथंच बसलेले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाईच्या हाती गाडी देल्ली त हेच होनार. पोरगं मारलं असतं हिनं. इकून टाकतो गाडी." आणि नुसतं बोलून थांबले नाहीत. शेजारच्या गावात त्यांचा बैलबाजारातला एक जुना दोस्त दूध घालायला गाडी शोधत होता. त्याला तिथूनच फोन लावून शब्द देऊन टाकला. तो रविवारी येणार होता.

बाबांनी शब्द दिला की विषय संपतो. गाडी गेली असती तर भाजी पुन्हा जीपवाल्याच्या मर्जीवर आणि बायको पुन्हा निंदण-खुरपणावर. ती त्यालाही भ्यायली नसती. पण बुलढाण्याच्या बाजारात तिची म्हणून एक जागा झाली होती. गिऱ्हाइकं तिचं नाव घेऊन विचारायची. घाट चढताना ती गुणगुणायची, ते मी मागे बसून ऐकायचो. ते सगळं रविवारी जाणार होतं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा शेताकडे गेल्यावर तिनं गोठ्यात गाडी स्टँडवर घेतली आणि पाने काढले. ब्रेक मी तिला उघडायला शिकवला होता. आता ते माझ्या हातानं होत नाही. मी डाव्या हातानं मोबाइलचा उजेड धरला. तिनं ब्रेकच्या डबीचे दोन बोल्ट सैल केले, डबी चाकावरून बाजूला घेतली, खिळा ओढून दोन्ही पॅडं तळहातावर घेतली. पॅडं झिजलेली नव्हती, चांगली जाड होती. पण काळ्या मसाल्यावर पिवळी साय धरली होती. तिनं नाकाशी नेली आणि माझ्यापुढे धरली. घरच्या तुपाचा वास.

बाबांनी खांदे शेकताना ताटही सोडलं नव्हतं. पावसानं त्यावर गंज चढतो म्हणून चांगलं चोळून चोळून चमकवलं असणार. तुपानं दांडे चमकतात. ब्रेक मात्र कामातून जातो.

माझं डोकंच फिरलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी! आत्ता जातो अन् दाखोतो त्यायले!"

तिनं माझा हात मनगटाशी धरला, तोच दुखरा हात. "नाही दाखवाचं."

"काऊन नाही? गावासमोर बोलले ते तुले."

"बोलले त बोलले. बैल गेल्यापासून मामाजीनं पह्यल्यांदा कशाले जीव लावला. त्यायच्या तुपानं आपन दरीत जात होतो हे कळलं त ते पुन्हा कशाले हात लावतीन का? अन् रातभर झोपतीन का?"

"मंग तुहं काय?"

"माहं मी पाहीन."

मला तिचा राग आला आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. एकाच वेळी दोन्ही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, खरं आहे; पण चावलेला ओठ तिचा होता आणि तीच दातांची काळजी करत होती. मी म्हटलं, निदान पॅडं तरी वाचतील, लोक चुलीवर धरून तेल जाळतात, पॉलिश पेपरनं घासतात. ती नको म्हणाली. तेल प्यालेलं पॅड वरून कोरडं दिसतं आणि घाटात गरम झालं की पुन्हा तेल सोडतं.

मग ती बाबांकडे गेली. डोक्यावर पदर, नजर खाली. "मामाजी, गाडी इकायची त इका. पण ब्रेकचे पॅड खराब झाले. खोड ठेवून कशी देता? तुमी बुलढान्याले चाला, चांगले पाहून घेऊ."

बाबांच्याच नियमानं तिनं त्यांना धरलं होतं. त्यांनी टोपी घातली आणि निघाले.

काळीपिवळीनं आम्ही तिघं बुलढाण्याला गेलो. पार्टच्या दुकानात बायकोनं नमुना म्हणून जुनं पॅड काउंटरवर ठेवलं. ते तिनं राखेनं पुसून पुसून आणलं होतं, पिवळा कण राहिला नव्हता. दुकानदारानं तीन जोड्या मांडल्या. एक स्वस्त आणि मऊ, एक कंपनीची, एक धातूचा चुरा घातलेली, कडक. बाबांनी तिन्ही हातात घेतल्या. नख मारून पाहिलं, कड बघितली, मागची लोखंडी पत्री उलटून बघितली. दुकानदार चकित होऊन बघत होता, कारण ब्रेकचं पॅड असं बैलाच्या दातासारखं तपासणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे पहिलंच आलं असावं.

"हे घे," बाबा कडक जोडी पुढे सारून म्हणाले. "कडक ते चांगलं. टिकते."

"टिकते, पन ताटाले खाते, मामाजी," बायको म्हणाली. "अन् थंडीपावसात लवकर धरत नाही."

"मंग हे मऊ घे."

"मऊ घाटात तापते. तापलं का ढिलं पडते."

"मंग मधलं म्हन ना सरळ!"

"तुमी म्हना. इकनारे तुमी."

मला हसू दाबवेना. बाबांनी मधली जोडी उचलली, जुन्या पॅडावर ठेवून आकार जुळवला, खाच जुळवली. मग सवयीनं नवं पॅड नाकाशी नेलं. ते पेंड हुंगायचे, बियाणं हुंगायचे, बैल तर हुंगायचेच. नवं हुंगून झालं, मग जुनंही हुंगलं. जुनं त्यांनी जरा जास्त वेळ धरलं असं मला वाटलं. ते पॅड काउंटरवर न ठेवता खिशात टाकलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. दुकानात त्यांना कोंदटलं असेल, असं मी समजलो.

घरी आल्यावर बायकोनं गोठ्यातच काम काढलं. बाबा खुंट्याला टेकून बसले. तिनं ताट आधी साबणानं धुतलं, मग घरात पडून असलेलं सॅनिटायझर फडक्यावर घेऊन पुन्हा पुन्हा पुसलं, फडकं पांढरं निघेपर्यंत. डबीही तशीच. नवी पॅडं जुन्यांहून जाड, म्हणून डबीतला गोल दट्ट्या अंगठ्यानं हळूहळू आत ढकलला. पॅडं बसवली, खिळा घातला, डबी चाकावर चढवली, बोल्ट आवळले. मग तिनं ब्रेक दाबला, तो सरळ हँडलला जाऊन टेकला.

"लागतच नाही!" बाबा घाबरून उठले.

"आता लागन. दट्ट्या मांगं गेला ना." ती ब्रेक दाबत राहिली, सोडत राहिली, धार काढावी तशी एका लयीत. थोड्या वेळानं हाताला घट्ट लागला. तिनं बाबांना म्हटलं, "पाहा बरं तुमी." बाबांनी चाक फिरवलं, तिनं ब्रेक दाबला, चाक जागेवर थांबलं. बाबांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा थांबलं. मग गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर तिनं गाडी नेली आणि हळू पळवत, हळू थांबवत फेऱ्या मारल्या. नवी पॅडं आधी ताटावर बसू द्यावी लागतात, लगेच जोरात दाबायची नसतात. बाबा रस्त्याच्या कडेला उभं राहून शेवटच्या फेरीपर्यंत बघत होते. या वेळी त्यांनी पाठ केली नाही. मी मात्र आतून जळत होतो. विकायच्या गाडीवर इतकी मेहनत करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

रविवारी दोस्त आला. सौदा म्हटला की आमच्या गावात माणसं आपोआप जमतात. ओट्यावरचे सगळे येऊन अंगणात उभे राहिले. मी कोपऱ्यात तोंड पाडून. बायको आत भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज बाहेर येत होता. दोस्तानं गाडीभोवती फेरी मारली, टायर दाबून पाहिले आणि बैलबाजारातल्या सवयीनं विचारलं, "बोल, खोड काय?"

बाबांनी खिशातून जुनं पॅड काढून दोस्ताच्या हातावर ठेवलं. "हुंग."

दोस्तानं हुंगलं. "तूप?"

"तूप," बाबा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गाडीले खोड नाही. खोड माही हाये. खांदशेकणीले म्या बैल समजून चाकाच्या ताटाले तूप लावलं. त्या तुपानं ब्रेक सुटला. पोरगं अन् सून दरीत जात होते. हिनं गाडी डोंगराच्या अंगाले घातली म्हनून दोघं आज दिसून राह्यले. अन् म्या काय केलं? दुकानाच्या ओट्यावर बसून तिलेच बोललो." ते ओट्यावरच्या मंडळींकडे वळले. "तुमीबी आयकलं होतं ना? मंग आता हेबी आयका."

आतलं भाकरीचं थापणं थांबलं होतं.

"मंग इकाची का नाही?" दोस्तानं गोंधळून विचारलं. "शब्द देल्ला तू."

"माहा शब्द मी मोडला, मले दोष दे. पन गाडी माही नव्हतीच, मी कशी इकू? मालकीन अंदर हाये. तिले इचार."

बाबांनी माझ्या आईलासुद्धा जन्मात कधी कशाची मालकीण म्हटलं नव्हतं. बायको दारात आली. हात पिठाचे, पदर सरकलेला, सावरायचंही भान नाही. दोस्तानं टोपी नीट केली आणि म्हणाला, "काय बाई, देता का गाडी?"

"नाही," ती म्हणाली. आणि आत गेली.

मी मागोमाग गेलो. ती चुलीपुढे बसून रडत होती, घाटात रडली नव्हती ती. मी जवळ बसलो. तिनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले आणि विचारलं, "मामाजीले कोनं सांगतलं? तुमी?"

"मी नाही. त्यायनं दुकानातच हुंगलं."

"मंग इतके दिवस बोलले काऊन नाही?"

"तुले गावासमोर बोलले होते ना," मी म्हटलं. "गाव जमाची वाट पाहत होते."

बाहेरून बाबांची हाक आली, मानसं बसली हायेत, च्या होईन का म्हणून. तिनं नाक ओढलं, पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्यांना पुरेल असं मोठं पातेलं चुलीवर चढवलं.